दाखल्यावरची वेळ

खालच्या मजल्यावरच्या पॉलीनला जुळे मुलगे झाले, आणि दोघांना घेऊन एकटीनं नोंदणी कचेरीत कसं जायचं म्हणून एक बाळ धरायला मी तिच्याबरोबर गेले. झालं ते एवढंच. नोव्हेंबरचा मंगळवार, लीड्सचा नेहमीचा मळकट उजेड, कचेरीत ओल्या कोटांचा वास. टेबलामागचा गृहस्थ पन्नाशीचा, टाकानं लिहिणारा, अक्षर सुरेख. त्यानं पहिल्याची तारीख लिहिली आणि तिच्यापुढं वेळ लिहिली, दोन वाजून पाच मिनिटं. मला कोण आनंद झाला. सतरा वर्षं मी या इंग्रजांच्या नावानं बोटं मोडत आलेय. आमच्या स्कॉटलंडात प्रत्येक जन्मदाखल्यावर वेळ असते, मिनिटासकट. इथं नुसत्या तारखेवर भागवतात, आणि मग गिऱ्हाईक माझ्यासमोर बसून सांगतं, आई म्हणायची दूधवाला येऊन गेल्यावर. दूधवाल्यावरून मी कुंडली मांडायची कशी? म्हणून मी त्या गृहस्थाला म्हटलं, "चला, सुधारलात म्हणायचं शेवटी. वेळ लिहायला लागलात." त्यानं मान वर केली नाही. "जुळे आहेत म्हणून, बाई. थोरला कोण यावरून उद्या भांडण नको. एकटं मूल असलं तर आम्ही वेळ लिहीत नाही." मी विचारलं, "पूर्वीही असंच होतं?" तो म्हणाला, "माझे वडील याच खुर्चीवर होते, तेव्हाही असंच." पॉलीन हसली, म्हणाली, "आंटी, तुम्ही याचं डोकं नीट धरा ना, लोंबतंय ते." मी डोकं नीट धरलं. हात माझे होते, पण ते धरताहेत हे मला कळत नव्हतं. माझ्या मनात एकच गोष्ट आली होती, आणि ती जागची हलेना. लॉर्नाच्या दाखल्यावर वेळ होती.

सकाळचे सहा चाळीस. मला कपाट उघडायची गरज नव्हती, तरी घरी येऊन कोटही न काढता मी ते उघडलं. वहीत माझंच अक्षर. लॉर्ना सटक्लिफ, माहेरची हेग, १२ नोव्हेंबर १९४९, लीड्स, ६.४०. त्याखाली दोन रेघा ओढून लिहिलेलं: वेळ पक्की, दाखल्यावरून. दोन रेघा. मला इथं येऊन तेव्हा दोनच महिने झाले होते. स्कॉटलंडातल्या डंडीतलं बिऱ्हाड हलवून, माझ्या नवऱ्याच्या, आलेकच्या नोकरीसाठी, या शहरात, जिथं लोक मला बोलताना ऐकून तोंड दाबून हसत. लॉर्ना माझं इथलं पहिलं की दुसरं गिऱ्हाईक. तिनं दाखला पुढं केला, त्यावर वेळ होती, आणि मला त्यात नवल वाटलं नाही. कसं वाटावं? मी जन्मभर पाहिलेल्या प्रत्येक दाखल्यावर वेळ होती. नंतर जे आले त्यांच्या दाखल्यांवर वेळ नव्हती, तेव्हा मी इंग्रजांना आळशी म्हटलं, आणखी काय काय म्हटलं. एकदाही मागं वळून स्वतःला विचारलं नाही, की बाई गं, मग त्या एकटीच्याच का होती? सतरा वर्षांत शेकडो दाखले या टेबलावरून गेले. एकदाही नाही.

विचारायचं नाही हाच माझा बाणा होता. माझ्या पत्रकावर छापलेलं असे: जन्मदाखला आणा, बाकी काही सांगू नका. लोकांना ते फार आवडायचं. इतर जोतिषी गोड गोड बोलून माहिती काढतात आणि तीच परत ऐकवतात, इशबेल गुर्ले तसली नाही. हा बाणा कुठून आला तेही मला ठाऊक आहे, आणि त्यात मिरवण्यासारखं काही नाही. मी तेवीस वर्षांची होते. मिस पेट्री मला शिकवायच्या. दिवसा मुलींना पियानो, संध्याकाळी मला कुंडली. एकदा त्यांनी एक कुंडली पुढं टाकली आणि म्हणाल्या, सांग. मी दीड तास बोलले. हट्टी स्वभाव, गळा नाजूक, संगीताचं अंग, तीन अपत्यं, घरातल्या बाईशी पटणार नाही. मिस पेट्रींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेगडीपुढं पसरलेल्या त्यांच्या मांजरीकडे बोट दाखवलं. "हिची आहे. पिल्लं तीन झाली, तेवढं बरोबर." खोलीत आणखी दोघी शिकायला बसलेल्या, त्या पोट धरधरून हसल्या. मिस पेट्री हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "कागदावर लिहिलेलं नसतं, इशबेल, की हा माणूस आहे का मांजर आहे का पाण्यात सोडलेलं जहाज आहे. जिवंत आहे का गेलाय, तेही नसतं. ग्रह सगळ्यांवर सारखेच उभे असतात. कुणाचं, कुठलं, कशासाठी, हे आधी विचारायचं. तोंड दिलंय ना देवानं?" दुसरी एखादी ते ऐकून शहाणी झाली असती. मला मात्र इतकी लाज वाटली, इतका राग आला, की मी मनाशी ठरवलं, मी इतकी तयार होईन की मला विचारावंच लागणार नाही. आणि मी झालेही तयार. लोक तोंडात बोट घालायचे.

तेव्हा लॉर्ना. ती खिडकीकडे पाठ करून बसलेली, जाड निळा कोट अंगावर तसाच, हातमोजे मांडीवर. बाविशीतली, चांगली धट्टीकट्टी, गाल लाल. आणि तिची कुंडली मांडल्यावर मी दचकले होते. शनी आणि मंगळ एकाच राशीत कोंडलेले, चंद्र ओसरत चाललेला, सूर्य अजून क्षितिजाखाली. कितीतरी खुणा एकीवर एक अशा पडलेल्या, की शिकाऊ पोरीनंही म्हटलं असतं, हे मूल वाचणार नाही. पाळण्यातच जाईल. मी पुन्हा आकडे तपासले. मग वर पाहिलं. समोर ही बाई बसलेली, नाक सर्दीनं चोंदलेलं, जिवंत. मग मी काय केलं असेल? दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, बाई, तुझ्या जन्माबद्दल काही सांग. मी तर्क चालवला. मरण तर इथं लिहिलेलं आहे. हिचं नाही, कारण ही बसलीय. म्हणजे हिच्या पोटचं. पाचव्या, संततीच्या घराकडे पाहिलं तर तिथंही बोट ठेवायला जागा मिळाली. शोधणाऱ्याला ती नेहमीच मिळते. मी म्हटलं, "या कुंडलीत एक बाळ आहे. ते फार दिवस जगणार नाही." तिचे गाल उतरत गेलेले मला अजून दिसतात, आणि खरं सांगायचं तर ते उतरताना पाहून मला वाटलं होतं, बरोबर लागलं.

बरोबरच तर लागलं होतं. हे मी मंगळवारी दुपारभर कोट न काढता बसून मनाशी घोळवत राहिले. कुंडलीत बाळ होतं, ते वाचणारं नव्हतं. फक्त ते आधीच येऊन गेलं होतं. त्याच सकाळी, त्याच आईच्या पोटी, पाच-पंचवीस मिनिटांच्या अंतरानं. एका कागदावर दोघी उभ्या होत्या, आणि मी एकीचं मरण काढून दुसरीच्या ओटीत घातलं होतं.

लॉर्नाला मूल झालं नाही. होऊ दिलं नाही असं मी समजत आले. तिच्या नवऱ्यानं, डेरिकनं, आठ वर्षं वाट पाहिली आणि मग तो वेकफील्डला दुसऱ्या बाईकडे गेला, त्याला तिथं तीन मुलं आहेत. लॉर्ना दातांच्या डॉक्टरकडे पुढच्या टेबलावर बसते, लोकांच्या वेळा लिहून घेते. आणि दर वर्षी, वाढदिवसाच्या आधीच्या गुरुवारी, तीन वाजता, ती माझ्याकडे येते. वर्षफळासाठी म्हणून येते, पण ते ती नीट ऐकतही नाही. घरी केलेलं पार्किन घेऊन येते, काकवी आणि आलं घातलेला केक, कागदात गुंडाळून. जाताना माझे दोन्ही हात धरते. म्हणते, "तुमचे उपकार आहेत, मिसेस गुर्ले." आलेक होता तेव्हा म्हणायचा, "ती पोरगी तुझ्याकडे असं बघते की मलाच अवघडल्यासारखं होतं. तू तिच्यासाठी केलंस तरी काय?" मी म्हणायची, खरं सांगितलं. सावध केलं. एवढ्यासाठी कुणी सतरा वर्षं पार्किन आणत नाही, हे मला कळायला हवं होतं. पण मला ते आवडत होतं. आलेक गेल्यावर या शहरात माझे हात धरणारी ती एकटीच होती.

बुधवारी मी वाचनालयात गेले. जन्ममृत्यूच्या जुन्या याद्या तिथं फिल्मवर ठेवल्या आहेत, यंत्राचा कान पिळत बसायचं आणि नावं डोळ्यांपुढून पळत राहतात. मला अजून आशा होती. कारकून चुकला असेल, एखाद्या लेखनिकानं उगाच हौसेनं वेळ लिहिली असेल. हेग पुष्कळ निघाले. हेग, लॉर्ना, लीड्स. आणि तिच्या दोन ओळी खाली, नोंदवहीतल्या त्याच पानाचा क्रमांक, हेग, थेल्मा, लीड्स. मी मृत्यूची फिल्म मागितली. तीच तिमाही. हेग, थेल्मा. वय: शून्य. शेजारी एक म्हातारा आपल्या घराण्याचा शोध घेत होता, तो मला म्हणाला, "सापडलं का कुणी?" मी म्हटलं, सापडलं. तो म्हणाला, "वा, नशीबवान आहात, मला आठ दिवस झाले." त्या शून्याकडे मी किती वेळ बघत होते कोण जाणे. माझ्या आयुष्यात मी इतकी अचूक पुन्हा कधीच नव्हते. बसमध्ये माझ्यापुढं एक बाई बसली होती, चाळिशीकडे झुकलेली, मान लॉर्नासारखी आखूड, आणि मला वाटलं ती आता वळेल आणि मला ओळखेल. ती वळली नाही, आपल्या थांब्यावर उतरली. तरी घरी आल्यावर गिऱ्हाइकाच्या खुर्चीत मला बसवेना. सतरा वर्षं त्या खुर्चीत लॉर्नाबरोबर आणखी कुणीतरी बसत आलं होतं आणि मी चहा फक्त एकीलाच विचारत होते, असं काहीतरी मनात येऊ लागलं. मी मूर्ख नाही, भुतंखेतं मानत नाही. पण मी खुर्चीवरची उशी झटकून सरळ केली.

सांगायचं की नाही. दोन दिवस मी यावरच होते. ती एकोणचाळीस पुरी करणार. डॉक्टर म्हणतात हल्ली चाळिशीतही होतं, पण कुणाबरोबर, आणि कधी? सांगून तिला परत काय मिळणार? नाही सांगितलं तर तिच्या हिशेबी तिनं एक मरण टाळलं, आणि त्या समाधानावर ती जगतेय. सांगितलं तर तेही गेलं. आणि माझं काय, ते मी मनात येऊ देत नव्हते, पण ते होतंच. तिनं हात धरले नाहीत तर? गुरुवारी सकाळी मी ठरवलं, गप्प राहायचं. पक्कं ठरवलं, आणि जीव भांड्यात पडला.

ती तीनला आली. पार्किन दिलं, कोट काढला, शेगडीपुढं हात शेकले. "तुम्हाला बरं नाहीये का? चेहरा बघा कसा झालाय." मी म्हटलं, सर्दी. मग ती बसली आणि म्हणाली, "आईचं काही खरं नाही हो आता." तिची आई दोन वर्षं वृद्धाश्रमात आहे, डोकं ठिकाणावर नाही. "रविवारी गेले तर माझं मनगट धरून विचारते, दुसरीला पाजलंस का? मी म्हटलं, कोण दुसरी गं? तर माझ्यावरच उखडली. तिथली नर्स म्हणते, म्हाताऱ्या माणसांचं असंच, हो म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. पण ती रडते हो, मिसेस गुर्ले. म्हणते, ती केव्हाची भुकेली आहे, तिला रडायचीही ताकद नाही. माझ्या आईला मी कधी रडताना पाहिलेलं नाही. तुम्ही बघा ना जरा, तिच्या ग्रहांत काही दिसतंय का? दुसरी म्हणजे कोण?"

माझ्या हातात चहाची किटली होती, ती मी खाली ठेवली. मी गप्प राहायचं ठरवलं होतं आणि गप्पच होते. पण तोंडातून निघालं ते मी आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं. "लॉर्ना, मी तुला एक विचारू?"

ती हसली. "तुम्ही? विचारणार? सतरा वर्षांत तुम्ही मला साखर किती एवढंच विचारलंय."

"पहिल्यांदा आलीस, तेव्हा कशासाठी आली होतीस?"

तिनं खुर्ची पुढं ओढली. "तुम्हाला माहीत नाही?" मग तिचा आवाज खाली आला, एखादं जुनं गुपित शेवटी दोघींमध्ये बोलायला मिळतंय, तसा. "तुमच्या पत्रकावर होतं ना, काही सांगू नका. म्हणून मी नाही बोलले. मला तिसरा महिना होता. डेरिकला अजून सांगितलं नव्हतं, ख्रिसमसला सांगणार होते. मला फक्त विचारायचं होतं, मुलगा की मुलगी. लोकर कुठल्या रंगाची आणायची ते. इतकी खुळी होते मी. आणि तुम्ही न सांगता ओळखलंत. मी अशी कोटात गुंडाळून बसलेले, कुणाला काही दिसायची सोय नाही, आणि तुम्ही म्हणालात, एक बाळ आहे, ते फार दिवस जगणार नाही. मी इथून घरी गेलेच नाही, सरळ डॉक्टरकडे गेले. तेव्हा नुकताच गर्भपाताचा कायदा झाला होता, फार विचारत नसत. डेरिकला शेवटपर्यंत कळलं नाही. मग पुन्हा धीर झाला नाही, पुन्हा तसंच झालं तर, म्हणून." तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "चार दिवस छातीशी धरायचं आणि मग पुरायचं, ते मला जमलं नसतं. तुम्ही वाचवलंत त्यातून."

तो हात ऊबदार होता, आलं आणि साबणाचा वास येत होता. मी तो काढून घेऊ शकत होते, किंवा तसाच ठेवून म्हणू शकत होते, आईला हो म्हण, पोरी, नर्स म्हणते ते बरोबर आहे. तेच शहाणपणाचं होतं. मी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं का, हे मला आजही ठरवता येत नाही. पण तिची आई तिकडे खुर्चीत बसून एका उपाशी पोरीसाठी रडत होती, एकटी, आणि सगळे तिला वेडी म्हणत होते. जगात ती वेडी नाही हे ठाऊक असलेली दुसरी बाई मीच होते. मी म्हटलं, "तुझी आई खरं बोलतेय. तुला बहीण होती. जुळी. थेल्मा नाव ठेवलं होतं. ती त्याच हिवाळ्यात गेली, वर्षाचीसुद्धा झाली नाही."

मी बोलत सुटले. दाखल्यावरची वेळ, पॉलीनची पोरं, कचेरीतला माणूस, याद्या. डंडीचे दाखले. सगळं सांगितलं, फक्त मुद्द्यावर येत नव्हते. तो तिनंच गाठला. दातांच्या डॉक्टरकडे रोज पन्नास माणसांच्या वेळा जुळवणारी बाई ती, तिला फार वेळ लागला नाही. तिनं हात काढून घेतला, झटकून नाही, हळूच.

"दोघींची कुंडली एकच असणार," ती म्हणाली.

"हो. जवळजवळ एकच."

"मग ते बाळ... तुम्ही म्हणाला होतात ते. ती होती?"

"हो."

"माझं नव्हतं."

"नव्हतं."

तिनं मान हलवली. कुणी पत्ता सांगितल्यावर आपण हलवतो, तशी. रडेल असं मला वाटत होतं, मी रुमालही काढून ठेवला होता. तिनं चहाचा कप बशीत नीट मध्यभागी ठेवला, उठली, कोट घातला, एक एक बटण लावलं. मी म्हटलं, लॉर्ना, मला क्षमा कर. ते तिनं ऐकलं की नाही कळलं नाही. दाराशी जाऊन ती थांबली आणि तिची नजर माझ्या मागच्या कपाटाकडे गेली, दारं अर्धवट उघडी, आत वह्या, खालपासून वरपर्यंत, वर्षवार लावलेल्या.

"तुम्ही आणखी किती जणींना सांगितलंय?" तिनं विचारलं. आवाज चढवून नाही, रागानंही नाही. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं.

मी कपाटाकडे पाहिलं. किती कुंडल्या मांडल्या ते मी चटकन सांगू शकले असते, वह्यांवर आकडे आहेत. किती जणींचे गाल उतरले तेही आठवून सांगता आलं असतं. पण इथून उठून त्या कुठं गेल्या, घरी की आणखी कुठं, ते मला एकीचंही माहीत नव्हतं. लॉर्ना दारात उभी राहून उत्तराची वाट पाहत होती.